‘सीई सर्टिफिकेट’ नावाचा कागदच नाही: युरोपला बांधकाम साहित्य पाठवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
युरोपला स्टीलची स्ट्रक्चर, केबल, नट-बोल्ट, फरशी आणि इतर बांधकाम साहित्य पाठवणारे महाराष्ट्रातील कारखानदार, निर्यातदार आणि त्यांच्या औद्योगिक संघटना

सप्रेम नमस्कार.

“सीई सर्टिफिकेट पाठवा.” युरोपातल्या खरेदीदाराच्या ई-मेलमध्ये ही ओळ आली की आपल्याकडे धावपळ सुरू होते. कुणाच्या तरी ओळखीचा एजंट गाठला जातो, कंपनीचा पत्ता आणि मालाचे नाव कळवले जाते आणि पंधरवड्याच्या आत निळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या ताऱ्यांचा एक कागद हाती येतो. कारखान्यात कुणी पाऊल टाकलेले नसते, मालाचा एक तुकडाही तपासलेला नसतो. कागद फ्रेम होऊन ऑफिसात लागतो, त्याची प्रत कंटेनरबरोबर जाते आणि काम झाले असे सगळे समजतात.

काम झालेले नसते. सीई ही युरोपात विकायच्या मालावर उत्पादकाने स्वतः लावायची खूण आहे. बांधकाम साहित्याच्या युरोपीय कायद्यात ‘सीई सर्टिफिकेट’ नावाचा कागदच नाही. कायद्याला तीन गोष्टी हव्या असतात. पहिली, कारखान्यातले रोजचे उत्पादन नियंत्रण, ज्याला सगळे एफपीसी म्हणतात. दुसरी, त्या नियंत्रणाच्या आणि चाचण्यांच्या आधारावर केलेले मालाच्या कामगिरीचे घोषणापत्र, म्हणजे डीओपी. तिसरी, त्या घोषणापत्राच्या जोरावर मालावर लावलेली सीई खूण. डीओपीवर सही एजंटाची नसते, तपासणी संस्थेचीही नसते. ती तुमची असते. माल फसला की जबाबदारीही तुमच्याच दारात येते. हे नीट समजून न घेता सही करणारे कारखाने आजही बरेच आहेत, म्हणून हे पत्र.

कायदा कोणता, ते थोडक्यात. १९८८ च्या जुन्या निर्देशाच्या जागी ३०५/२०११ क्रमांकाचा नियम आला आणि १ जुलै २०१३ पासून तो पुरता लागू झाला. आता २०२४/३११० हा नवा नियम आला आहे, त्याबद्दल पुढे लिहिले आहे. या कायद्याची एक गोष्ट इतर सीई कायद्यांपेक्षा वेगळी आहे. खेळण्यावर किंवा यंत्रावर सीई खूण असली तर ती वस्तू कायद्याने घातलेल्या सुरक्षिततेच्या अटी पाळते असा तिचा अर्थ होतो. बांधकाम साहित्यावरची खूण एवढेच सांगते की, डीओपीत जी कामगिरी लिहिली आहे ती या मालाची खरोखर आहे. ती कामगिरी उत्तम असेल किंवा सुमार असेल, खुणेत फरक पडत नाही. आगीच्या वर्गवारीत सगळ्यात खालचा वर्ग असलेल्या पॅनेललाही रीतसर सीई खूण लावता येते.

असे का, याचे कारण सरळ आहे. इमारत किती मजबूत हवी, आगीपासून किती सुरक्षित हवी, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाने स्वतःकडे ठेवला आहे. युरोपने एकत्र येऊन ठरवली ती फक्त मोजण्याची भाषा: चाचणी कोणती, वर्ग कोणते, आकडा कसा लिहायचा. त्यामुळे माल विकता येणे वेगळे आणि तो एखाद्या इमारतीत वापरता येणे वेगळे. केबलचेच बघा. इटली आणि स्पेनमध्ये सार्वजनिक वापराच्या इमारतींत साधारणपणे सीसीए-एस१बी,डी१,ए१ हा आगीचा वर्ग मागितला जातो. ब्रिटनच्या दूरसंचार केबलिंगच्या मानकात सीसीए-एस१बी,डी२,ए२ आहे. सीसीए हा आग किती पसरते याचा वर्ग, एस म्हणजे धूर, डी म्हणजे जळते थेंब, ए म्हणजे धुरातली आम्लता. डी२ चे ड्रम इटलीला गेले तर सीमेवर ते कुणी अडवणार नाही, पण कंत्राटदार साइटवरून परत पाठवील, आणि त्याचे बरोबरच असेल. म्हणून ऑर्डर घेताना ‘सीई हवे’ एवढ्यावर थांबू नका. कोणत्या देशात, कशा प्रकारच्या इमारतीत, कोणता वर्ग हवा, हे खरेदीदाराकडून लेखी घ्या. हे सांगण्यासाठी प्रत्येक सदस्य देशाने बांधकाम साहित्याचे संपर्क केंद्र ठेवले आहे.

आता तिसऱ्या पक्षाची भूमिका. कोणत्या मालासाठी बाहेरच्या संस्थेने किती लक्ष घालायचे, याच्या पाच पद्धती आहेत: १+, १, २+, ३ आणि ४. सिमेंटला १+ लागते. त्यात संस्था नमुने तपासते, कारखाना तपासते, वर्षानुवर्षे देखरेख करते आणि मधूनच नमुने उचलून पुन्हा चाचणी घेते. पद्धत १ मध्ये नमुने उचलणे तेवढे वगळले आहे, बाकी तेच. स्टीलच्या स्ट्रक्चरला २+ आहे. तिथे संस्था फक्त तुमची एफपीसी तपासते, मालाची चाचणी तुमची तुम्ही करायची. पद्धत ३ मध्ये संस्था म्हणजे फक्त प्रयोगशाळा, ती मालाची पहिली चाचणी करते आणि अहवाल देते. पद्धत ४ मध्ये बाहेरचे कुणीच नसते.

यावरून एजंटाचा कागद ओळखणे अगदी सोपे आहे. १+ आणि १ मध्ये मिळते ते कामगिरीच्या सातत्याचे प्रमाणपत्र. २+ मध्ये मिळते ते एफपीसीच्या अनुरूपतेचे. ३ मध्ये चाचणी अहवाल मिळतो, प्रमाणपत्र नाही. ४ मध्ये काहीच मिळत नाही. बाहेरच्या फरसबंदीचा नैसर्गिक दगड पद्धत ४ मध्ये येतो. म्हणजे अशा फरशीचे ‘सीई सर्टिफिकेट’ कुणी विकत असेल तर तो तुम्हाला अस्तित्वात नसलेली वस्तू विकतो आहे. त्या पैशांत फरशीच्या सगळ्या चाचण्या चांगल्या प्रयोगशाळेतून करून झाल्या असत्या.

संस्था खरी आहे का, हे पाहायला दहा मिनिटे लागतात. युरोपीय आयोगाची नॅन्डो नावाची यादी सगळ्यांना खुली आहे. प्रमाणपत्रावरचा चार अंकी क्रमांक तिथे टाका. संस्था सापडली म्हणून थांबू नका, कारण यंत्रांच्या किंवा लिफ्टच्या कायद्याखाली नेमलेल्या संस्थेला बांधकाम साहित्याचा अधिकार असतोच असे नाही. तिच्या नावाखाली बांधकाम साहित्याचा नियम आहे का, त्यात तुमचे मानक आहे का, तुमची पद्धत आहे का, हे तीनही जुळले पाहिजे. या कायद्यापुरता भारताशी परस्पर मान्यतेचा करार नाही, त्यामुळे भारतातली प्रयोगशाळा स्वतःच्या नावाने अशी नेमलेली संस्था असू शकत नाही. पण याचा अर्थ प्रत्येक नमुना विमानाने पाठवावा लागतो असाही नाही. या कायद्याप्रमाणे, योग्य तांत्रिक किंवा आर्थिक कारण असेल तर नेमलेली संस्था तुमच्या कारखान्यातल्या किंवा बाहेरच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर स्वतः चाचणी घेऊ शकते. पद्धत १+, १ आणि ३ साठी ही सोय आहे. ती मागा. आणि पद्धत ४ च्या मालाला तर आपल्याकडच्या एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेचा अहवालही चालतो, फक्त चाचणी युरोपीय मानकातल्या रीतीने झालेली हवी.

स्टीलच्या स्ट्रक्चरवर सविस्तर लिहितो, कारण पुणे, रायगड, नागपूर पट्ट्यातल्या फॅब्रिकेटरांना युरोपच्या ऑर्डरी मिळू शकतात आणि चुकाही इथेच महागात पडतात. स्ट्रक्चरचे ईएन १०९०-१ हे युरोपीय मानक १ जुलै २०१४ पासून बंधनकारक आहे.

पहिली चूक कच्च्या मालात होते. ड्रॉइंगवर एस३५५जे२ हा युरोपीय दर्जा लिहिलेला असतो आणि यार्डात आयएस २०६२ या भारतीय मानकाची ई३५० प्लेट येते. ताकदीचे आकडे जवळपास सारखे, म्हणून खरेदी विभाग ‘इक्विव्हॅलेंट’ लिहून मोकळा होतो. पण जे२ चा अर्थ आहे उणे २० अंश सेल्सिअसला २७ ज्यूलचा चार्पी आघात सोसणे. ई३५० च्या ए दर्जाला आघात चाचणीच बंधनकारक नसते. बीआर ची चाचणी खोलीच्या तापमानाला होते, बी० ची शून्याला आणि फक्त सी ची उणे २० ला. आपल्या उन्हात ए आणि सी यांत फरक दिसत नाही. नॉर्वेतल्या हिवाळ्यात मात्र वेल्डजवळच्या बारीक चिरेपासून ठिसूळ प्लेट काचेसारखी तडकू शकते. डीओपीत ‘तुटण्यास प्रतिकार’ या ओळीसमोर तुम्ही २७ ज्यूल, उणे २० अंश असे लिहिणार असाल तर मिलच्या ३.१ प्रकारच्या टेस्ट सर्टिफिकेटवर, त्याच हीट नंबरसमोर (म्हणजे भट्टीतल्या त्या ओतीच्या क्रमांकासमोर), तो आकडा छापलेला हवा. नसेल तर प्लेट परत करा किंवा त्या हीटची चाचणी करून घ्या.

दुसरी चूक हीट नंबर हरवण्याची. प्लेट आली तेव्हा कडेवर पेंटने नंबर लिहिलेला असतो. गॅस कटिंग करणारा नेमका तो कोपरा कापून नेतो, उरलेला तुकडा रॅकवर जातो, आणि महिन्याभराने जोडासाठी गसेट प्लेट लागली की कुणीतरी तोच तुकडा उचलतो. आता तो कोणत्या हीटचा, हे सांगणारे जगात कुणी नाही. ईएक्ससी-३ आणि ईएक्ससी-४ या अंमलबजावणी वर्गांना (आकडा जितका मोठा तितके काम कडक) प्लेट आत आल्यापासून माल सोपवेपर्यंत प्रत्येक तुकड्याचा माग हवा. ईएक्ससी-२ मध्येसुद्धा दोन वेगवेगळ्या दर्जांचे स्टील एकाच वेळी शॉपमध्ये फिरत असेल तर प्रत्येक तुकड्यावर दर्जाची खूण लागते. उपाय अगदी साधा आहे, पण तो शिस्तीने व्हायला हवा: कापण्याआधी नंबर उरणाऱ्या तुकड्यावर उतरवायचा, मग कापायचे. नंबर नसलेला तुकडा थेट भंगारात. ऑडिटर आला की तो फायली नंतर मागतो. आधी रॅकजवळ जातो, एक तुकडा उचलतो आणि विचारतो, “याचे सर्टिफिकेट दाखवा.”

तिसरी गोष्ट वेल्डिंगची. ईएक्ससी-२ पासून पुढे वेल्डिंग समन्वयक लागतो, आणि तो कारखान्याच्या कामात खरोखर गुंतलेला हवा. महिन्यातून एकदा येऊन सह्या करणारा सल्लागार ऑडिटमध्ये पहिल्या तीन प्रश्नांतच उघडा पडतो, कारण त्याला कालच्या शिफ्टमध्ये कोणता डब्ल्यूपीएस (वेल्डिंगची लेखी कार्यपद्धती) चालला हे सांगता येत नाही. वेल्डरची परीक्षा ईएन आयएसओ ९६०६-१ प्रमाणे असते आणि तो त्या प्रकारचे वेल्डिंग करतो आहे याची नोंद दर सहा महिन्यांनी सहीनिशी व्हावी लागते. एक सही चुकली की त्या तारखेनंतर त्याने केलेल्या प्रत्येक जोडावर प्रश्नचिन्ह लागते.

चौथी गोष्ट खास आपल्या हवामानाची आहे. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर हवेत पाणी भरलेले असते. लो-हायड्रोजन ई७०१८ इलेक्ट्रोडचे पाकीट उघडून टेबलावर ठेवले की त्याचे आवरण दमट होते आणि वेल्डमध्ये हायड्रोजन शिरतो. त्याने पडणारी चीर लगेच दिसत नाही, जोड थंड झाल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी ती उघडते. म्हणूनच ईएन १०९०-२ मध्ये वेल्ड झाल्यापासून तपासणीपर्यंत किती थांबायचे ते दिलेले आहे. जाडी आणि दिलेल्या उष्णतेनुसार जाड जोडांना ते ४८ तासांपर्यंत जाते. कंटेनरची वेळ गाठायची म्हणून संध्याकाळी वेल्ड आणि रात्री अल्ट्रासॉनिक असे केले तर तपासणीचा कागद खरा असतो, पण त्याने तपासलेली गोष्ट अजून घडलेलीच नसते. बेकिंग ओव्हन, होल्डिंग ओव्हन, वेल्डरजवळचा इलेक्ट्रोड कोरडे ठेवणारा डबा म्हणजे क्विव्हर आणि कोणत्या वेळी किती इलेक्ट्रोड बाहेर दिले याची वही: ही चार साधने पावसाळ्यात एफपीसीचा कणा असतात.

पाचवी चूक कागदावरची, पण सगळ्यात धोक्याची. ईएन १०९०-१ मध्ये कामगिरी जाहीर करण्याच्या चार रीती आहेत. रीत १ मध्ये फक्त मापे आणि सामग्रीचे गुण जाहीर करायचे, रीत २ मध्ये भार सोसण्याची ताकद तुम्ही गणित करून जाहीर करायची, ३अ मध्ये डिझाइन खरेदीदाराचे, ३ब मध्ये खरेदीदाराच्या गरजेनुसार डिझाइन तुमचे. आपल्याकडचे बहुतेक फॅब्रिकेटर खरेदीदाराच्या ड्रॉइंगवर काम करतात, म्हणजे ३अ. पण नेटवरून उतरवलेल्या नमुन्यात रीत २ असते, ती तशीच राहते आणि सही होते. त्या क्षणी तुम्ही न केलेल्या डिझाइनची जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतलेली असते. तुळई तुटली तर तिकडचा विमावाला पहिल्यांदा हीच ओळ वाचेल.

प्रमाणपत्र मिळाल्यावरची देखरेख अनेकजण विसरतात. ईएक्ससी-१ आणि २ साठी ऑडिट पहिल्या वर्षी, मग दोन वर्षांनी, मग दर तीन वर्षांनी. ईएक्ससी-३ आणि ४ साठी सुरुवातीची दोन्ही वर्षे दरसाल, मग दोन वर्षांनी, मग तीन-तीन वर्षांनी. मधल्या काळात नवी वेल्डिंग प्रक्रिया आणली, समन्वयक बदलला, शॉप दुसरीकडे हलवले, तर संस्थेला लगेच कळवावे लागते.

केबलवाल्यांसाठी. ईएन ५०५७५ हे मानक १ जुलै २०१७ पासून बंधनकारक आहे. आपल्याकडचे एफआरएलएस (आग रोखणारे, कमी धुराचे आवरण) आणि युरोपचा सीसीए एक नव्हेत, हे आधी विक्री विभागाला समजावून सांगा. ईसीए या खालच्या वर्गाची चाचणी एका उभ्या केबलवर होते आणि ज्योत किती वर चढली ते मोजतात. सीसीए साठी ईएन ५०३९९ प्रमाणे शिडीवर केबलींची रांग बांधून २०.५ किलोवॅटच्या बर्नरने २० मिनिटे जाळतात. ज्वाला २ मीटरपेक्षा जास्त पसरता कामा नये, उष्णतेचा कमाल वेग ६० किलोवॅटच्या आत आणि एकूण उष्णता ३० मेगाज्यूलच्या आत हवी. पहिल्या चाचणीत पास होणे म्हणजे दुसरीच्या जवळही पोचणे नव्हे. ईसीए आणि डीसीए पद्धत ३ मध्ये येतात. सीसीए आणि त्यावरचे वर्ग १+ मध्ये, म्हणजे संस्था कधीही ड्रम उचलून नेईल.

तेव्हा नापास होण्याचे नेहमीचे कारण कंपाउंड. चाचणीच्या वेळी एका पुरवठादाराचे हॅलोजनमुक्त कंपाउंड वापरलेले असते, वर्षभराने किलोमागे थोडे स्वस्त म्हणून दुसरे येते. या कंपाउंडमध्ये आग थोपवण्याचे काम अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे, आणि ते साधारण २०० अंशांच्या आसपास पाणी सोडू लागते. त्याचे प्रमाण थोडे घटले तरी उष्णतेचा आकडा वर जातो. उलट एक्स्ट्रूडरचे तापमान वाढवून लाइनचा वेग वाढवला तर पाणी बॅरलमध्येच सुटते आणि आवरणात बारीक बुडबुडे राहतात. कंपाउंडचा पुरवठादार किंवा ग्रेड बदलणे म्हणजे नवा माल, असेच धरून चला. चाचणी आधी, खरेदी नंतर.

दगडाबद्दल थोडक्यात. फरसबंदीला ईएन १३४१. वाकवून तोडण्याची ताकद, ५६ वेळा गोठवून-वितळवून झाल्यावर राहणारी ताकद, घसरण, झीज, पाणी शोषणे. चाचणी दगडाच्या नावाची नसते, खाणीची आणि थराची असते. खाण बदलली की जुना अहवाल संपला. आणि जाडीत हात मारू नका. फरशी तुटण्याचा भार जाडीच्या वर्गाच्या, म्हणजे जाडी गुणिले जाडीच्या, प्रमाणात बदलतो. २५ मिलिमीटरऐवजी २२ दिली तर जाडी बाराच टक्के कमी होते, पण भार सोसण्याची ताकद जवळपास तेवीस टक्क्यांनी घटते. तुम्ही खाणवाले नसून व्यापारी असाल आणि खरेदीदार स्वतःच्या ब्रँडखाली फरशी विकत असेल, तर कायद्याच्या दृष्टीने उत्पादक तो ठरतो. मग डीओपी त्याने करायचे असते. ही वाटणी करारात लिहून घ्या.

काही माल असा आहे की त्याला सीई खूण लावणेच चूक. मॅनहोलच्या झाकणांचे ईएन १२४:२०१५ हे मानक युरोपच्या राजपत्रात नोंदलेले नाही. डी४०० वर्गाचे उत्तम झाकणही त्या मानकाच्या आधाराने सीई खुणेला पात्र होत नाही. तिथे देशोदेशीच्या खासगी किंवा राष्ट्रीय खुणा चालतात. आरसीसीच्या सळ्यांचेही तसेच. ईएन १००८० ची राजपत्रातली नोंद मागे घेतली गेली, त्यामुळे जर्मनीत जर्मनीची मान्यता आणि ब्रिटनमध्ये ब्रिटनची. ओतकामाच्या साच्यात सीई अक्षरे आधीच कोरून ठेवली असतील तर ती खरवडून काढा, कारण बाजार तपासणी अधिकाऱ्याला ती दिसायला दुरून पुरेशी असतात.

राजपत्राचा मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण इथे जाणकारही चुकतात. मानकाची सगळ्यात नवी आवृत्ती हीच कायदेशीर आवृत्ती असते असे नाही. राजपत्रात जी नोंदली आहे ती. सिरॅमिक टाइल्सच्या ईएन १४४११ ची २०१६ ची आवृत्ती निघाली, पण डीओपीत २०१२ चीच लिहावी लागत राहिली. याचे मूळ आयर्लंडमधल्या एका खटल्यात आहे. डब्लिनच्या बॅलीमन भागात एका इमारतीच्या जमिनीखाली भरलेल्या खडीत पायराइट निघाले. हवा-पाण्याने ते फुगले, जमीन उचलली गेली आणि तडे पडले. जेम्स इलियट कन्स्ट्रक्शनचा हा वाद युरोपीय न्यायालयात गेला आणि २७ ऑक्टोबर २०१६ ला न्यायालयाने सांगितले की सुसंवादित मानक (म्हणजे सगळ्या युरोपसाठी एक केलेले मानक) हा युरोपीय कायद्याचाच भाग आहे. त्यानंतर आयोग प्रत्येक मानक कायद्याच्या मसुद्यासारखे तपासू लागला आणि नव्या नोंदी जवळपास थबकल्या. म्हणून मानक विकत घेण्याआधी राजपत्रातली यादी बघा.

ग्रेनफेल टॉवरचीही आठवण इथे करून देतो. १४ जून २०१७ च्या लंडनच्या त्या आगीत ७२ माणसे गेली. इमारतीच्या बाहेरच्या आवरणाची पॅनेल दोन तऱ्हांनी बसवता येत: रिव्हेट मारून सपाट, किंवा कडा दुमडून कॅसेटसारखी. रिव्हेटच्या मांडणीला बी वर्ग मिळाला होता. कॅसेटच्या मांडणीचा निकाल त्याहून फार वाईट होता, पण पॅनेलचे उत्पादक बी हाच वर्ग दोन्हींसाठी पुढे करत राहिले. टॉवरवर कॅसेट होत्या. डीओपीत आगीचा वर्ग लिहिताना तो कोणत्या जाडीला, कोणत्या पाठिंब्यावर, कोणत्या जोडणीला मिळाला, हे त्याच ओळीत लिहा. वर्ग मालाला एकट्याला मिळत नाही, मांडणीसकट मिळतो.

आता नवा नियम, २०२४/३११०. तो ७ जानेवारी २०२५ ला अमलात आला आणि त्यातला बराच भाग ८ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. यावरून बाजारात घाई सुरू झाली आहे: “जुना डीओपी रद्द झाला, नवा आजच करून घ्या.” तसे नाही. तुमच्या मालाचे नवे मानक नव्या नियमाखाली निघून बंधनकारक होईपर्यंत जुन्या मानकाचा जुना डीओपी आणि जुनी सीई खूण चालते. नवे मानक लागू झाले की डीओपीच्या जागी कामगिरी आणि अनुरूपता दोन्हींची घोषणा येईल आणि तिच्यात पर्यावरणाचे आकडे असतील. आधी हवामानावरचा परिणाम, ९ जानेवारी २०३० पासून इतर मुख्य निर्देशक, ९ जानेवारी २०३२ पासून सगळे. या आकड्यांची पडताळणी ३+ या नव्या पद्धतीने नेमलेली संस्था करील. पुढे डिजिटल उत्पादन पासपोर्टही येतो आहे.

त्याची तयारी आजपासून करायची ती विजेच्या मीटरपासून. कटिंग, वेल्डिंग, गॅल्व्हनायझिंग, एक्स्ट्रूजन यांना वेगळे मीटर लावा, डिझेल आणि गॅसच्या पावत्या महिन्यावार लावा, कच्च्या मालाच्या पुरवठादाराकडून त्याचे पर्यावरण घोषणापत्र मागा. स्वतःचे मोजलेले आकडे नसतील तर हिशेब करणारा सरासरीचे आकडे धरतो, आणि कोळशाच्या विजेवर चालणाऱ्या देशाची सरासरी आपल्या चांगल्या कारखान्यावर अन्याय करते. एक खबरदारी: स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमवाल्यांना सीबॅमसाठी, म्हणजे युरोपच्या सीमेवरच्या कार्बन शुल्कासाठी, कार्बनचे आकडे द्यावे लागतात. ते आकडे या घोषणेत उतरवू नका. सीबॅममध्ये स्टीलसाठी थेट उत्सर्जन धरतात, पर्यावरण घोषणापत्राच्या ईएन १५८०४ या मानकात वीज, वाहतूक आणि मालाच्या अखेरपर्यंतचा हिशेब येतो. दोन्हींचे एकक सारखे दिसते, अर्थ वेगळा असतो.

संघटनांना आमची खास विनंती आहे. उणे २० अंशांचा बाथ असलेले चार्पी यंत्र एकट्या छोट्या फॅब्रिकेटरला परवडत नाही, पण औद्योगिक वसाहतीला परवडते. वेल्डिंग समन्वयकाचे प्रशिक्षण चार-पाच कारखान्यांनी मिळून आणले तर खर्च वाटला जातो. एकाच प्रकारचा माल बनवणाऱ्यांना, एकमेकांच्या लेखी संमतीने आणि माल खरोखर सारखा असेल तर, चाचणीचे निकाल वाटून वापरायची सोय ३०५/२०११ च्या कलम ३६ मध्ये आहे. तिचा उपयोग आपल्याकडे फारसा होत नाही. आणि बनावट कागद विकणाऱ्यांबद्दल तुमच्या सभासदांना उघडपणे सांगा. युरोपातला अधिकारी मालाला धरतो, कागद विकणाऱ्याला नाही.

या आठवड्यात एवढे करा. शेवटच्या कन्साइनमेंटचा डीओपी काढा आणि लेबलशेजारी ठेवा. उत्पादन प्रकाराचा संकेत दोन्हीकडे एकच आहे का? तो बॅच नंबर तर नाही ना? मानकाची आवृत्ती राजपत्रातली आहे का? संस्थेचा क्रमांक नॅन्डोवर तुमच्या मानकासमोर दिसतो का? ज्या गुणांची चाचणी केली नाही तिथे ‘एनपीडी’ (कामगिरी ठरवलेली नाही) लिहिले आहे का, की रकाना भरायचा म्हणून आकडा घातला आहे? सीई अक्षरे किमान ५ मिलिमीटर उंच आहेत का, त्याखाली खूण पहिल्यांदा लावल्याच्या वर्षाचे शेवटचे दोन अंक आहेत का? माल जिथे विकला जातो त्या देशाच्या भाषेत डीओपी आहे का? आयातदाराचे नाव-पत्ता मालावर किंवा पॅकिंगवर आहे का? १६ जुलै २०२१ पासून युरोपात पत्ता असलेली जबाबदार व्यक्ती किंवा कंपनी असल्याशिवाय हा माल बाजारात ठेवता येत नाही. शेवटी, डीओपी आणि त्यामागची चाचणीची फाइल दहा वर्षे सापडेल अशा जागी आहे का, आणि ज्याने सही केली त्याच्याखेरीज आणखी एका माणसाला ती जागा माहीत आहे का, हे पाहा.

आपले,
युरोपीय बाजारपेठेसाठी चाचणी, वेल्डिंग आणि प्रमाणनाचे काम करणारे अभियंते